नगरसभेत नागरिकाचा शब्द



या व्यासपीठावरून पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात, साहित्यिक बोलतात. आम्ही यांपैकी कोणीच नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या फाटकावर, मोंढ्यातल्या हमालांच्या ओट्यावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती विद्वान होण्यासाठी नव्हे. समोरचा साहेब ‘हे नियमात बसत नाही’ म्हणाला, की तो नियम कोणता हे त्याला विचारता यावे, एवढ्यासाठी वाचली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा तिच्यात पुढे एखादा कामगार कार्यकर्ताही बोलायला उभा राहील असे कोणाला वाटले असेल की नाही, कोण जाणे. पण चालकांनी आम्हांस बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयाकडे वळतो.

विषय साधा आहे. महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा भरते. तिच्यात आपल्या शहराचे पाणी, रस्ते, दिवे, कचरा, घरपट्टी, बाजार यांचे निर्णय होतात. या सभेत साध्या नागरिकाची जागा कोणती? तो तिथे कोण म्हणून जातो, आणि गेल्यावर त्याला तोंड उघडता येते का?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात. नांदेड-वाघाळा महानगरपालिका २६ मार्च १९९७ रोजी स्थापन झाली आणि लातूरची २०११ साली. दोघींना तोच कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत सभेच्या कामकाजाचे नियम दिले आहेत. दर महिन्याला निदान एक साधारण सभा झालीच पाहिजे, असे तिथे म्हटले आहे. सभा लोकांना खुली असावी, बहुमताने ठराव करून मगच ती बंद दाराआड घेता येईल, असेही म्हटले आहे. म्हणजे तुम्ही आम्ही तिथे जाऊन बसू शकतो, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु बसू शकतो, एवढेच. नगरसेवकाला प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो, दुरुस्ती सुचवता येते. सज्जात बसलेल्या नागरिकाने ‘अहो, आमच्या गल्लीत असे घडलेले नाही’ इतके जरी म्हटले, तरी तो सभेच्या कामात अडथळा ठरतो आणि शिपाई त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो.

आता याच्या शेजारी खेडे ठेवून पाहा. आमचे निम्मे कामगार मुखेड, कंधार, अहमदपूर, औसा या भागांतून पोटासाठी शहरात आलेले. गावात असताना ते ग्रामसभेचे सभासद होते. त्यासाठी त्यांना निवडून यावे लागत नव्हते. मतदारयादीत नाव असले की माणूस ग्रामसभेचा सभासद. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, गावच्या मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर माणसे, यांतली जी संख्या कमी असेल तितकी जमली पाहिजेत, आणि त्या सभेत कोणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. ग्रामसभा कशा भरतात आणि सह्या घरोघर फिरवून कशा गोळा होतात, हे आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. तरीही हक्क आहे तो आहे. भांडणारा एक जरी निघाला, तरी कायदा त्याच्या बाजूस उभा असतो. तोच माणूस नांदेडला किंवा लातूरला येऊन भाड्याच्या खोलीत राहू लागला, की त्याचा हा हक्क वेशीवरच राहतो. एवढेच नव्हे, शहराच्या कडेचे गाव हद्दवाढीत आले, की अख्ख्या गावाची ग्रामसभा एका अधिसूचनेने संपते. गाव शहर झाले म्हणून लोक पेढे वाटतात, आणि त्याच दिवशी प्रत्येकाच्या तोंडचा एक शब्द गेलेला असतो.

मग शहरातला माणूस सभागृहात शिरतो तरी कसा? आमच्या पाहण्यात दोन वाटा आहेत. एक सत्काराची आणि दुसरी निवेदनाची. पहिल्या वाटेने गेलेल्याला व्यासपीठावर बसवतात आणि त्याला बोलण्याची गरज उरत नाही. दुसऱ्या वाटेने गेलेला दाराशी थांबतो, त्याचा कागद आत जातो, आणि त्याला बोलण्याची संधी मिळत नाही.

सत्काराबद्दल आम्ही तुच्छतेने बोलणार नाही. परीक्षेत पहिली आलेली मुलगी, कुस्ती मारून आलेला पोरगा, पुरातून माणसे काढणारा नावाडी, यांची नावे शहराच्या सभेत घेतली जावीत हे योग्यच आहे. माणसाला भाकरी लागते तशी ओळखही लागते. हमालाला आयुष्यभर कोणी नावाने हाक मारीत नाही. ‘ए हमाल’ म्हणतात. त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, माणसांनी भरलेल्या सभागृहात वाचले गेले, तर त्याच्या घरी त्या रात्री वेगळा दिवा लागतो. परंतु याच सत्काराने तोंड कसे बांधले जाते, तेही आम्ही पाहिले आहे.

मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तो दोष एका गावाचा नाही. एक मे रोजी तिथे अकरा सफाई कामगार बायांचा गौरव झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. या बाया ठेकेदाराकडच्या होत्या आणि तीन महिन्यांची मजुरी थकलेली होती. फोटो झाल्यावर त्यांतल्या वयाने मोठ्या बाईने पदर सावरून विचारले, ‘साहेब, दोन शब्द बोलू का?’ अध्यक्ष रागावले नाहीत, भले गृहस्थ होते. ते म्हणाले, ‘बाई, आज आनंदाचा प्रसंग आहे. तुमचे जे काही असेल ते आवक-जावकला लिहून द्या.’ लिहून दिले. शिक्का मारलेली पोच मिळाली. मजुरी मिळाली ती पुढे सात आठवड्यांनी, कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत चार खेपा घातल्यावर. श्रीफळ तिने त्याच संध्याकाळी वाण्याला देऊन साखर आणि चहापत्ती घेतली. पण तो फोटो मात्र तिच्या घरात अजून भिंतीवर आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिला मान हवा होताच. तिला एवढेच कळत नव्हते, की जिला आत्ता मान दिला तिचे दोन शब्द ऐकायला काय हरकत होती.

आमचे म्हणणे या प्रश्नात सगळे आले. ज्याचे ऐकायचे नाही त्याचा सत्कार करणे म्हणजे त्याला ओळखणे नव्हे. एखाद्या माणसाची किंवा समाजाची नगरसभेने घेतलेली खरी ओळख म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून घेणे, ते इतिवृत्तात नोंदवणे आणि त्याला उत्तर देणे.

हा विचार आमच्या डोक्यातून आजच निघालेला नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचे एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभासद सरकारने नेमलेले, समोर देशाचा सत्ताधीश. तरी एका माणसाने विचारले, की मान कोणाला आणि पैसा कोणाचा? आज नगरसभेच्या खर्चाने कमानी उभ्या राहतात, चौकांची नावे ठरतात, पुतळ्यांचे ठराव होतात. त्या प्रत्येक वेळी जोतीरावांचा प्रश्न विचारणारा कोणी सभागृहात असावा, एवढी तरी त्यांच्या नावाची आठवण आपण ठेवली पाहिजे.

दुसरे उदाहरण महाडचे. मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव उत्तम होता. पण त्या ठरावाच्या जोरावर कोणी पाण्याला हात लावू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आणि मग काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! हक्काचा निवाडा उच्च न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडले. यावरून आम्ही एक धडा घेतला आहे. सभागृहात ज्यांचा आवाज नाही त्यांच्या बाजूचा ठराव देणगीसारखा असतो. देणाऱ्याच्या मनात आले की परत घेतला जातो.

आता आपल्या भागाकडे या. मराठवाड्यातल्या माणसाला सभेत बोलण्याची किंमत कोणी शिकवायला नको. निझामी राजवटीत जाहीर सभेला आगाऊ परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ हे नाव आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होते. कोण बोलणार, काय बोलणार, हे आधी कळवावे लागे. तशा काळात १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली आणि पुढच्या वर्षी लातूरला. ज्यांच्या नेतृत्वाखाली हा लढा झाला ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत होते, ही गोष्ट आम्ही कामगार अभिमानाने सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. सभेला परवानगी मागण्याचे दिवस गेले, असे आपण धरून चाललो.

आणि मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरची मंडळी इथे असतील, त्यांना तो सांगायला नको. मांजरा धरण आटले. नळाला पाणी नाही, टँकरमागे घागरींच्या रांगा, रात्री दोनला उठून बाया रस्त्यावर. पाण्याच्या टाक्यांवर गर्दी आणि हाणामारी होईल म्हणून मार्च महिन्यात जिल्हा प्रशासनाने टाक्यांच्या आसपास कलम १४४ लावले. पाचांहून अधिक माणसांनी तिथे जमायचे नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ऑगस्टपर्यंत ती येत राहिली. सगळ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली.

प्रशासनाला दोष देणे सोपे आहे. प्रसंग बाका होता आणि टाकीवर डोकी फुटली असती तर त्यांनाच जबाब द्यावा लागला असता. आमचा प्रश्न वेगळा आहे. धरण एका रात्रीत आटत नाही. टाकीवर जी माणसे जमली, ती त्याआधी दोन वर्षे कुठे जमायला हवी होती? कुठल्या गल्लीत किती दिवसांआड पाणी येते, कोणती जलवाहिनी फुटली आहे, कोणाच्या बंगल्यात विंधनविहीर आणि कोणाच्या वस्तीत कोरडा हातपंप, याची माहिती त्या बायांइतकी कोणाला नव्हती. ती माहिती घेऊन त्यांना दर महिन्याला सभागृहात उभे राहता आले असते, तर पाऊस काही पडला नसता. पण गळती लवकर कळली असती, वाटप शहाणपणाने झाले असते, आणि कोणाला पाणी मिळते व कोणाला नाही याचा जाहीर हिशेब राहिला असता. माणसाला जमायला सभागृह दिले नाही, की तो टाकीवर जमतो. मग त्याचे म्हणणे लिहून घेण्याऐवजी त्याला पांगवावे लागते.

कोणी म्हणेल, यासाठी कायदे आहेतच. आहेत. आणि खरी मौज त्यातच आहे. संविधानाची ७४ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने सांगितले. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे आणि लातूरही तीन लाखांच्या वर. म्हणजे दोन्ही शहरे त्यात बसली. आपल्या राज्याच्या कायद्यात प्रभाग समितीवर लोकांत काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची सोय आहे.

त्याहून पुढची गोष्ट ऐका. २००५ साली केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने शहरांच्या पुनरुत्थानाचे अभियान काढले. गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी २००८ साली येत होती, आणि त्या अभियानात नांदेडचा समावेश होता. आपल्या शहरात पैसा आला, रस्ते रुंद झाले, घाट आणि पूल बांधले गेले. परंतु त्या पैशाला एक अट होती: नागरिकांच्या सहभागाचा कायदा राज्याने केला पाहिजे. त्या अटीपोटी २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि ‘क्षेत्रसभा’ जन्मली. काही मतदानकेंद्रांचा मिळून एक भाग करायचा, तिथल्या सगळ्या मतदारांची सभा घ्यायची, नगरसेवकाने अध्यक्षस्थानी बसायचे, आणि दोन वर्षांत निदान चार सभा झाल्याच पाहिजेत. ही शहराची ग्रामसभाच म्हणा ना! राज्यातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरून खाली उतरली नाही. आता या मंडपात बसलेल्या प्रत्येकाने मनाशी उत्तर द्यावे: आपण क्षेत्रसभेला कधी गेला आहात का? ‘क्षेत्रसभा’ हा शब्द आजच्या आधी आपल्या कानी पडला होता का? ज्या अटीवर पैसा आला तो पैसा खर्च झाला; अट मात्र अजून उधारीवर आहे.

शिवाय अलीकडे एका प्रभागाला चार चार नगरसेवक असतात. दिवा बंद पडला म्हणून पहिल्याकडे जावे, तो दुसऱ्याचे नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचे. आणि मध्यंतरी तर तेही नव्हते. दोन्ही शहरांच्या सभागृहांची मुदत २०२२ साली संपली आणि निवडणुका व्हायला जानेवारी २०२६ उजाडावे लागले. इतकी वर्षे प्रशासकाचा कारभार होता. एकच अधिकारी विषय मांडणार, तोच मंजूर करणार. नांदेडच्या ८१ आणि लातूरच्या ७० खुर्च्या रिकाम्या, सज्जा रिकामा, सभा नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्या काळात सभागृह नाही म्हणून शहरात आक्रोश झाला असे आम्हांस दिसले नाही. का झाला नाही? ज्या घरात आपल्याला कधी बोलूच दिले नाही, त्या घराला कुलूप लागले याचे दुःख कोणाला होणार?

अधिकारी मंडळी आम्हांस म्हणतात, ‘तुमच्यासाठी लोकशाही दिन आहे की!’ आहे, आणि त्याचा आम्ही उपयोगही करतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्ज ऐकले जातात. पण अर्ज ठरावीक नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि गाऱ्हाणे वैयक्तिक असावे लागते. माझ्या घरासमोरची नाली तुंबली हे तिथे चालते. आमच्या सगळ्या वस्तीच्या नाल्यांना यंदाच्या अंदाजपत्रकात पैसा का नाही, हे चालत नाही. तिथे नागरिक एकटा अर्जदार असतो आणि साहेब देणारा. सभागृहात तसे नसते. तिथे तो मालकांपैकी एक असतो आणि बाकीचे मालक ऐकत असतात. पहिल्या ठिकाणी काम होईल, पण दुसऱ्या ठिकाणी धोरण बदलेल.

बोलण्याच्या हक्काला खुर्चीची जोड मिळाली की काय होते, हे फेरीवाल्यांच्या कायद्यावरून दिसते. हातगाडीवाला म्हणजे रस्त्यावरची अडगळ, अशीच त्याची पालिकेच्या दप्तरी ओळख होती. २०१४ च्या कायद्याने सांगितले, की शहर फेरीवाला समितीत शेकडा चाळीस सभासद फेरीवाल्यांचेच, त्यांनीच निवडलेले असतील, आणि त्यांत एक तृतीयांश बाया असतील. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवायचे नाही, असेही सांगितले. अंमल कसा होतो हा झगडा चालूच आहे. पण भाजी विकणारी बाई अधिकाऱ्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून ‘या चौकात नको, त्या चौकात जागा द्या, तिथे गिऱ्हाईक आहे’ असे सांगते, हे कायद्याने शक्य केले. तिला कोणी शाल दिली नाही, आणि तिने ती मागितलीही नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की लोकांनी नगरसेवक निवडून दिला आहे, तो बोलतो, मग लोकांनी पुन्हा कशाला बोलायचे? आमचा अनुभव उलट आहे. युनियनमध्ये आम्हीही निवडून आलेले असतो. म्हणून फाटकसभेत कामगाराला बोलू द्यायचे नाही, असे आम्ही म्हटले तर दुसऱ्या दिवशी युनियन राहील का? प्रतिनिधी हा मालकाचा मुखत्यार आहे. मुखत्यारपत्र दिले म्हणून मालक मुका होत नाही.

दुसरा आक्षेप, गोंधळ होईल. सभागृहात आज काय अगदी मंदिराची शांतता असते, असे आम्ही ऐकलेले नाही. गोंधळ नियम नसल्याने होतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९५३ सालचा ब्राऊन कायदा आहे. त्याप्रमाणे स्थानिक संस्थांच्या सभा उघड्यावर होतात, आणि नेहमीच्या सभेत नागरिकाला सभेपुढे थेट बोलण्यासाठी विषयपत्रिकेतच वेळ राखून ठेवावा लागतो. साधारणपणे माणशी दोन-तीन मिनिटे मिळतात. त्याच सभेत नागरिकांचे गौरवही होतात, आणि गौरव झाल्यावर गाऱ्हाणीही ऐकली जातात. त्यांच्याकडे सगळे आलबेल आहे असे नव्हे. पण अशाने शहराचा कारभार बंद पडतो, हे तरी खोटे ठरते.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. तो असा, की बोलायला येतील ते रिकामे असलेले, खणखणीत आवाजाचे, पक्षांनी पाठवलेले लोक. ज्यांचे ऐकायला हवे ते कामावर असतील. यात तथ्य आहे. सकाळी अकराला सभा ठेवली, तर झाडूवाली बाई येणार कशी? तिचा खाडा कोण भरून देणार? म्हणून वेळ संध्याकाळची हवी. नावे चिठ्ठी टाकून काढावीत, म्हणजे वशिला चालणार नाही. आणि भाषेची सक्ती नको. आपल्या नांदेडात मराठीच्या जोडीला दखनी, तेलुगू, पंजाबी, बंजारा बोली नांदतात. माणसाला गाऱ्हाणे ज्या भाषेत सुचते त्या भाषेत त्याने ते मांडावे, आणि लिहून घेणाऱ्याने मराठीत लिहून घ्यावे.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी. दर महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आरंभीचा अर्धा तास नागरिकांचा असावा. दहा माणसे, प्रत्येकी तीन मिनिटे. नाव, वस्ती आणि म्हणणे यांची इतिवृत्तात नोंद व्हावी. पुढच्या सभेत त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर वाचले जावे. ‘करू’, ‘करता येत नाही’ किंवा ‘करणार नाही’, जे काही असेल ते, पण कारणासह. या शेवटच्या कलमावर आमचा सर्वांत अधिक भर आहे. ऐकून घेऊन सोडून देणे आपल्याकडे सर्वांना छान जमते. उत्तर नोंदवावे लागले, की ऐकणारा जपून ऐकतो. आणि क्षेत्रसभा कायद्यात आहेतच, त्या भरवाव्यात. पहिल्या मागणीला राज्य सरकारचा नियम लागेल असे कोणी म्हणेल, तर तोवर महापौरांनी सभा सुरू होण्याआधी अर्धा तास त्याच दालनात बसून ऐकावे. त्याला कोणाची मनाई असेल असे वाटत नाही.

मागणी केली की आपल्यावरही काही येते. तीन मिनिटांत बोलणे सोपे नाही. आमच्याकडे नवा कार्यकर्ता आला, की त्याला आम्ही पाच गोष्टी पाठ करायला लावतो: मी कोण, कुठे राहतो, काय झाले, केव्हापासून, आणि काय हवे. शिवी नाही, दाखला नाही, पूर्वजांची कथा नाही. याचा कित्ता आमच्या चळवळीच्या आद्य पुरुषाने घालून दिला आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या कोणत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. एवढे सांगायला तीन मिनिटेही लागत नाहीत. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली. आज जो कोणी रविवारी घरी उशिरा उठतो, तो त्या साडेपाच हजार माणसांचे देणे लागतो. त्यांतल्या किती जणांचे सत्कार झाले असतील? त्यांचे म्हणणे मात्र राहिले.

निवडणूक होऊन दोन्ही शहरांत नवी सभागृहे बसली आहेत. नव्या घरात रीत पाडायची ती सुरुवातीलाच. पुढच्या महिन्यात सभेची तारीख लागेल. तुमच्यापैकी दहा-वीस जणांनी तरी त्या दिवशी सज्जात जाऊन बसावे, ही विनंती. ओरडायला नव्हे, नुसते बसायला. हातात वही असावी. कोण काय बोलले, आपल्या वस्तीचे नाव निघाले की नाही, कोणता विषय चर्चेवाचून मंजूर झाला, हे लिहून घ्यावे. सज्जा भरलेला दिसला, की खाली बसलेल्यांच्या बोलण्यात फरक पडतो, हा आमचा अनुभव आहे. आज सज्जात बसायला लागाल, तर उद्या बोलण्याची मागणी करताना ‘आम्ही येतो, ऐकतो, आम्हांला ठाऊक आहे’ असे म्हणता येईल.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आम्हांस एक तास दिलात, सफाई कामगार बाईला आम्ही तीनच मिनिटे मागत आहोत.  कोणाला काही विचारायचे असेल, विरोध करायचा असेल, तर अध्यक्षांनी त्यांना अवश्य बोलू द्यावे.